आठवा हिस्सा: अंधेरीतलं एक ऑफिस आणि करारात न लिहिलेलं कलम

डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या सब-रजिस्ट्रार कचेऱ्यांबाहेरची गर्दी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या व्यवहारामागची घाई लगेच कळेल. कोविडने मंदावलेला बाजार हलावा म्हणून राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या चार महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं होतं. जानेवारीपासून ते ३ टक्के होणार होतं. ऑफिसं ओस पडली होती, विकणारे हवालदिल होते आणि ज्यांच्याकडे निवृत्तीचे पैसे बँकेत पडून होते त्यांना एफडीचे दर टोचत होते.

त्याच महिन्यात अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, १,६५० चौरस फूट कार्पेटचं एक ऑफिस आठ जणांनी मिळून घेतलं. ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील आणि आकडे बदलले आहेत; हिशेबाची रीत जशीच्या तशी ठेवली आहे. आठांपैकी पाच जण एकाच कचेरीतून निवृत्त झालेले. दोघे भाऊ गिरगावातले, चाळीतली खोली दिल्यावर हातात आलेल्या पैशांचं काय करायचं या विवंचनेत होते. आठवे मुलुंडचे एक डॉक्टर. पाच निवृत्तांपैकी एकांच्या पत्नी माझ्या अशील. पार्ल्याच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे सगळं पार्लं त्यांना बाईच म्हणतं. मीही म्हणतो.

व्यवहार जुळवला होता याच मंडळींच्या एका जुन्या सहकाऱ्याने. नोकरी लवकर सोडून ते प्रॉपर्टीच्या धंद्यात पडले होते. सगळे त्यांना दादा म्हणत. दादांनी प्रत्येकाला चार पानांचं रंगीत पत्रक दिलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत होतं: ‘भाडेकरू आधीच बसलेला. भाडं ८.२ टक्के. तुम्ही काहीही करायचं नाही.’

तिसऱ्या वाक्याची किंमत किती, हे पुढच्या पाच वर्षांत कळलं.

रचना अशी. आठ जणांनी प्रत्येकी ५५ लाख घातले, एकूण ४ कोटी ४० लाख. एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था, स्थापन झाली आणि ऑफिस तिच्या नावावर घेतलं गेलं. दादा नववे भागीदार, भांडवल रुपये एक हजार. बाईंचे यजमान थट्टेने म्हणायचे, “आम्ही आठ पैशाचे, दादा सहीचा.” कायद्याने एलएलपीला किमान दोन नियुक्त, म्हणजे कारभाराला जबाबदार, भागीदार लागतात. एक दादा. दुसरे त्याच कचेरीतले एक गृहस्थ, दादा पुढे करतील त्या कागदावर सही करणारे. बँक खातं दादांच्या एकट्याच्या सहीवर चालायचं.

४ कोटी ४० लाख कुठे गेले? ऑफिसची किंमत ४ कोटी १० लाख. मुद्रांक शुल्क ८ लाख २० हजार, नोंदणी फी ३० हजार. ब्रोकरला एक टक्का आणि त्यावर जीएसटी. दादांची ‘जुळवणी फी’ दोन टक्के, त्यावरही जीएसटी, म्हणजे ९ लाख ६७ हजार सहाशे. वकील, एलएलपी स्थापना वगैरे दीड लाख. उरले जेमतेम साडेपाच लाख, तीच गंगाजळी. शिवाय भाडेकरूचं सहा महिन्यांचं डिपॉझिट, १६ लाख ८० हजार. ते विकणाऱ्याकडे जमा होतं, म्हणून किमतीतून तेवढी रक्कम कापून एलएलपीच्या खात्यातच राहिली. या १६ लाख ८० हजारांवर लक्ष ठेवा.

भाडं दरमहा २ लाख ८० हजार, वर लाइसेन्सीने, म्हणजे भाडेकरूने, भरायचा जीएसटी. वर्षाचे ३३ लाख ६० हजार. ४ कोटी १० लाखांवर भागलं तर ८.२ टक्के येतात, पत्रक खोटं नव्हतं. पण गुंतवणूकदारांनी घातले होते ४ कोटी ४० लाख. तिथेच दर ७.६ वर येतो. मग महापालिकेचा मालमत्ता कर २ लाख १० हजार, सोसायटीचा मेंटेनन्स १ लाख ९० हजार, विमा २० हजार, ऑडिट आणि एलएलपीची वार्षिक विवरणपत्रं ६० हजार, दादांची देखभाल फी भाड्याच्या पाच टक्के म्हणजे १ लाख ६८ हजार. राहिले २७ लाख १२ हजार.

आता आयकर. एलएलपीला स्लॅब नसतो. पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर सेस, एकूण ३१.२ टक्के. भाड्यातून मालमत्ता कर आणि ३० टक्क्यांची सरसकट वजावट गेल्यावर करपात्र २२ लाख ५ हजार, कर ६ लाख ८८ हजार. हातात २० लाख २४ हजार. एका हिश्श्याला वर्षाला २ लाख ५३ हजार, महिन्याला एकवीस हजारांच्या आसपास. ५५ लाखांवर ४.६ टक्के.

भागीदाराच्या हातात आलेला नफ्याचा वाटा करमुक्त असतो, हे दादा सगळ्यांना आवर्जून सांगत. बरोबरच आहे, कर आधीच कापून झालेला असतो. मुलुंडच्या डॉक्टरांना फरक पडत नव्हता, ते स्वतः वरच्या स्लॅबमध्ये. पण पाच निवृत्त माणसं पेन्शनवर. हेच ऑफिस आठ नावांवर, ठरलेल्या हिश्श्यांनी सहमालकीत घेतलं असतं तर प्रत्येकाचं भाडं त्याच्या त्याच्या उत्पन्नात धरलं गेलं असतं. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर निवासी व्यक्तीला कर लागत नाही. एलएलपीला ती सवलत नाही. म्हणजे दर हिश्श्यामागे वर्षाला ८६ हजारांपर्यंत रुपये केवळ रचनेच्या निवडीमुळे सरकारजमा होत राहिले. सहमालकीची डोकेदुखी वेगळी: विकताना आठ सह्या, एक गेला की त्याचे तीन वारस, कोणी अडून बसला की वाटणीचा दावा आणि कोर्टाच्या तारखा. एलएलपी घेणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण रचना कोणासाठी सोयीची आहे हे कोणी विचारलंच नाही, आणि ती सर्वांत सोयीची दादांना होती.

पैसे मात्र पहिल्या महिन्यापासून साडेसदतीस हजार येत होते. पत्रकात म्हटल्याप्रमाणे, अगदी ८.२ टक्क्यांच्या हिशेबाने. मे २०२२ पर्यंत सतरा महिने आले. जूनमध्ये अचानक एकवीस हजार झाले. दादांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, ‘जीएसटी आणि टॅक्सच्या नियमांमुळे.’ दोन-तीन जणांनी नमस्काराचे हात टाकले. विषय संपला.

काय झालं होतं ते बाईंना तीन वर्षांनी दिसलं. एलएलपी दरवर्षी लेखा आणि दिवाळखोरी नसल्याचं विवरण कंपनी निबंधकाकडे भरते. ते, वार्षिक विवरणपत्र आणि भागीदारांची नावं कोणीही फी भरून पाहू शकतो, त्यासाठी भागीदार असावं लागत नाही. आम्ही ३१ मार्च २०२३ चं विवरण काढलं. बाईंनी चष्मा नाकावर ओढून, मुलांचे पेपर तपासताना धरतात तशी पेन्सिल धरून दोन ओळींखाली रेघा मारल्या. देणी या सदराखाली: ‘लाइसेन्सीचं डिपॉझिट, १६,८०,०००.’ मालमत्तेच्या बाजूला: ‘बँकेतील शिल्लक, ४१,२१०.’

“मग ते सोळा लाख ऐंशी हजार गेले कुठे?”

तुमच्याच घरी आले, बाई. खरं वाटप महिन्याला एकवीस हजारांचं परवडत होतं. साडेसदतीस द्यायचे तर आठ हिश्श्यांना मिळून वर्षाला सुमारे १६ लाख कमी पडत होते. डिपॉझिट आणि गंगाजळी मिळून २२ लाख ३० हजार. सतरा महिन्यांत ती रक्कम बरोबर संपते. भाडेकरूला परत द्यायचे पैसे भाड्याचा परतावा म्हणून वाटले गेले. कोणी पैसे खाल्ले नव्हते. पत्रकातला आकडा खरा दिसावा म्हणून भागीदारांनाच त्यांचं कर्ज वाटलं गेलं. अशा प्रकरणांत लोक अफरातफर शोधत बसतात; माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलींत बहुतेक वेळा हेच सापडतं.

दादांचा एलएलपी करार वाचताना मला एक गोष्ट खटकत होती. त्यातली कलमं अमेरिकन होती. तिकडे अपार्टमेंटच्या इमारती घेण्यासाठी एक जण व्यवहार आणतो, बाकीचे फक्त पैसे घालतात, या पद्धतीला सिंडिकेशन म्हणतात आणि तिचे साचेबंद मसुदे इंटरनेटवर सहज मिळतात. त्यातूनच ‘८ टक्के प्रेफर्ड रिटर्न, त्यावरच्या नफ्यात १५ टक्के व्यवस्थापकाला’ हे कलम आलं होतं. आठही जण प्रेफर्डचा अर्थ ‘पक्के आठ टक्के’ असा समजत होते. तो फक्त रांगेतला क्रम असतो: आधी गुंतवणूकदाराचे आठ, मग व्यवस्थापकाचा वाटा. पैसे आलेच नाहीत तर रांगेत पहिला उभा असलेलाही रिकाम्या हाताने जातो. तिकडे असा हिस्सा विकणं म्हणजे रोखे विकणं मानलं जातं. रेग्युलेशन डी खाली नोंदणीतून सूट मिळाली तरी पहिल्या विक्रीनंतर १५ दिवसांत रोखे आयोगाकडे फॉर्म डी भरावा लागतो आणि फसवणुकीविरुद्धचे नियम सुटत नाहीत. दादांनी कलमं घेतली, ती चौकट इथे नव्हतीच.

शिवाय तिकडचे मसुदेही वाईट काळात कसे वागतात ते २०२२-२३ मध्ये दिसलं. तिकडच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, मार्च २०२२ पर्यंत शून्याजवळ असलेला दर जुलै २०२३ मध्ये ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. बदलत्या व्याजाच्या कर्जावर इमारती घेतलेले सिंडिकेटर अडचणीत आले, अनेकांनी गुंतवणूकदारांकडे जादा भांडवल मागितलं आणि एप्रिल २०२३ मध्ये ह्यूस्टनला एकाच सिंडिकेटरच्या तीन हजारांहून अधिक सदनिका कर्ज देणाऱ्याने जप्त केल्या. आपल्या आठ जणांवर कर्ज नव्हतं, एवढं दादांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. बुडाले नाहीत ते त्यामुळेच.

सप्टेंबर २०२३ मध्ये बाईंचे यजमान गेले. दादा तेराव्याला आले, मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, काळजी करू नका. खातं दोघांचं संयुक्त होतं, एकवीस हजार येत राहिले. कागदपत्रं कोणी हलवली नाहीत.

भाडेकरूचा करार ६० महिन्यांचा, लॉक-इन (भाडेकरूला मध्येच सोडून जाता येत नाही असा काळ) ३६ महिन्यांचं, ते डिसेंबर २०२३ ला संपत होतं. जानेवारी २०२४ पासून भाडं १२ टक्क्यांनी वाढणार होतं. भाडेकरूने वाढ नको म्हणून सांगितलं, दादा अडून राहिले, तीन महिन्यांची नोटीस आली आणि ३० एप्रिलला ऑफिस रिकामं झालं. आता डिपॉझिट परत द्यायचं होतं आणि खात्यात दमड्या नव्हत्या.

मे २०२४ मध्ये दादांनी प्रत्येक हिश्श्याला साडेतीन लाखांची मागणी काढली, एकूण २८ लाख. डिपॉझिट १६.८ लाख, वर्षभराचा कर, मेंटेनन्स, विमा आणि ऑडिट ४.८, रंग, एसी आणि वायरिंग ३.६, नव्या भाडेकरूसाठी ब्रोकरेज २.८. आकडे चोख होते. करारात लिहिलं होतं की ३० दिवसांत जो भरणार नाही त्याच्या वाट्याचे पैसे दुसरा भागीदार भरू शकेल, आणि त्या फेरीत भरलेला प्रत्येक रुपया भांडवलात दुप्पट मोजला जाईल. हेही तिकडच्या मसुद्यातलंच.

मागणीचा ईमेल बाईंच्या यजमानांच्या पत्त्यावर गेला. आठ महिन्यांपूर्वी वारलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये तो ३० दिवस पडून राहिला. त्यांच्या वाट्याचे साडेतीन लाख डॉक्टरांनी भरले. २८ लाख दुप्पट मोजून ५६ झाले, एकूण भांडवल ४९६ लाख आणि बाईंच्या घरचे ५५ लाख साडेबारा टक्क्यांवरून ११.०९ टक्क्यांवर आले. मे २०२४ पासून ऑफिस अकरा महिने बंद होतं, म्हणून एकवीस हजारही थांबले. बाईंना वाटलं, सगळ्यांचेच थांबले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये २ लाख ६५ हजारांवर नवा भाडेकरू आला, तरी बाईंच्या खात्यात काही येईना. तेव्हा त्यांनी दादांना पत्र लिहिलं: वारस म्हणून माझं नाव लावा.

उत्तर दोन ओळींचं होतं. भागीदार गेल्यावर वारस आपोआप भागीदार होत नाही. कायद्याप्रमाणे मूळ भांडवल आणि साठलेला नफा-तोटा धरून ५० लाख ८६ हजार द्यायला एलएलपी तयार आहे.

बाईंच्या पुण्यातल्या मुलाला ही सरळ लूट वाटली. त्याने आधी इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, पुढे केलं. “बाबांचे पैसे या ऑफिसात आहेत ना?” इंडेक्स टू वर खरेदीदार म्हणून एलएलपीचं नाव होतं, दुसरं कोणाचंही नाही. आठांपैकी एकाचाही ऑफिसच्या एका फरशीवर हक्क नाही. हक्क आहे तो एलएलपीतल्या हिश्श्यावर. आणि तो हिस्सा वारसाकडे कसा जातो हे करारावर अवलंबून. करारात मृत्यूबद्दल एकच ओळ होती: ‘वारसांना कायद्याप्रमाणे देय रक्कम मिळेल.’

कायदा काय म्हणतो ते मुलाला वाचून दाखवलं तेव्हा तो गप्प झाला. २००८ च्या एलएलपी कायद्याच्या कलम २४ प्रमाणे, करारात वेगळं काही नसेल तर, भागीदारी संपलेल्या माणसाला किंवा त्याच्या वारसाला मिळतं ते त्याने प्रत्यक्ष घातलेलं भांडवल आणि साठलेल्या नफ्यातला वाटा, साठलेला तोटा वजा करून. ऑफिसची आजची किंमत त्यात कुठेच येत नाही, कारण न विकलेल्या जागेची वाढ हा साठलेला नफा नव्हे. पुस्तकात ती खरेदी किमतीलाच बसलेली असते. त्याच मजल्यावरचा तेवढाच गाळा २०२५ च्या सुरुवातीला चौरस फुटाला ३० हजारांनी नोंदवला गेला होता. त्या भावाने आपलं ऑफिस ४ कोटी ९५ लाखांचं. ब्रोकर आणि १२.५ टक्के दीर्घ मुदतीचा भांडवली नफा कर वगैरे जाऊन आठवा हिस्सा साठ लाखांच्या घरात. दादा देत होते ५० लाख ८६ हजार. नऊ लाखांचा फरक, आणि तत्त्व म्हणून दादांचं म्हणणं कायद्याला धरून होतं.

कलम ४२ चीही बाईंना मदत नव्हती. भागीदाराचा नफ्यावरचा हक्क दुसऱ्याकडे जाऊ शकतो, पण ज्याच्याकडे तो जातो त्याला कारभारात भाग घेण्याचा किंवा एलएलपीची माहिती मागण्याचा हक्क त्यामुळे मिळत नाही. नवा भागीदार घ्यायला, करारात वेगळं नसेल तर, सगळ्यांची संमती लागते. म्हणजे एकट्या दादांचं ‘नाही’ पुरेसं होतं.

मग हातात काय होतं? दादांनी दोन्ही बाजूंनी खेळायचा प्रयत्न केला होता, ते. सप्टेंबर २०२३ मध्ये भागीदारी संपली असेल तर हिशेब त्या तारखेचा हवा. मे २०२४ ची मागणी त्या घराला लागूच नाही, ११.०९ टक्के वगैरे काही नाही आणि रिकाम्या अकरा महिन्यांचा तोटाही त्यांच्या माथी मारता येत नाही. दादांच्या रकमेत तो हिश्श्यामागे १ लाख ३५ हजार धरला होता. उलट, मागणी लागू होती असं म्हणायचं तर घरातलं कोणीतरी भागीदार मानलं पाहिजे, आणि मग पुस्तकी भांडवल हातात ठेवून वाटेला लावता येत नाही. दोन्हीतून एकच निवडता येतं. शिवाय डिपॉझिट वाटून टाकण्याचा ठराव कुठेच नव्हता.

तरी सगळा खटाटोप या मुद्द्यावर कोर्टात नेला असता तर मी बाईंना सावध केलं असतं. रक्कम पाहता वकिलाची फी आणि वर्षं यांचा मेळ बसत नाही. खरा जोर दुसरीकडे होता: उरलेल्या सात जणांकडे. त्यातले पाच जण साठीच्या पुढचे.

याच दिवसांत बाईंनी विचारलं की हेच पैसे बाजारातल्या रीटमध्ये, म्हणजे अनेकांच्या पैशांतून भाड्याच्या इमारती घेणाऱ्या ट्रस्टमध्ये, असते तर? तर मृत्यूनंतर डीमॅट खात्यातल्या नॉमिनीच्या नावावर युनिट्स गेली असती, आणि नको असती तर त्या दिवसाच्या भावाला विकता आली असती. सेबीने २०१४ मध्ये नियम केले, एम्बसी रीट एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात पहिली नोंदली गेली, मग ऐरोलीतले आयटी पार्क असलेली माइंडस्पेस २०२० मध्ये. २०२१ पासून एक युनिटसुद्धा घेता येतं. भाव रोज हलतो, कधी मूळ किमतीखालीही जातो, पण तो दिसतो. मार्च २०२४ मध्ये सेबीने छोट्या मालमत्तांसाठीही दार उघडलं: ५० कोटी ते ५०० कोटींच्या योजना, किमान २०० युनिटधारक, एका युनिटची किंमत किमान १० लाख, ९५ टक्के मालमत्ता बांधून पूर्ण आणि भाड्याने दिलेली, आणि व्यवस्थापकाचे स्वतःचेही पैसे अडकलेले. आपलं ऑफिस पाच कोटींचंही नाही. ते या दारातून आत जात नाही. एवढ्या लहान व्यवहारांवर देखरेख करणारं कोणी नाही. आपल्या लोकांचा इथे एक जुना गैरसमज आहे की कंपनी निबंधकाकडे नोंदणी झाली म्हणजे सरकारने तपासलं. सेबीने २०१६ मध्ये ज्या पॅनकार्ड क्लब्जला ७ हजार कोटींहून अधिक रक्कम परत करायला सांगितलं, तीही नोंदलेली कंपनीच होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये दादांच्या मरोळच्या कचेरीत बैठक झाली. दादांनी चहा मागवला, खुर्च्या कमी पडल्या म्हणून धाकट्या गिरगावकरांनी प्लास्टिकची स्टुलं आणली. बाईंनी काही मागितलं नाही. त्यांनी कलम २४ च्या मराठीत लिहिलेल्या आठ प्रती काढून प्रत्येकाच्या हातात दिल्या, शाळेत देतात तशा, आणि म्हणाल्या, “वाचा. मग बोलू.”

डॉक्टरांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं.

“म्हणजे माझ्यानंतर माझ्या मुलीलाही पुस्तकातलेच पंचावन्न?”

“नाही, वजावटी करून,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर दादांना फारसं बोलायची संधी मिळाली नाही. थोरल्या गिरगावकरांनी विचारलं की मग आपण हे विकत का नाही? त्याचंही उत्तर करारातच होतं. विक्रीचा प्रस्ताव फक्त नियुक्त भागीदार मांडू शकत होते. ऑफिस चालू राहिलं तर दादांना वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आसपास देखभाल फी. विकलं तर त्यांचा १५ टक्के वाटा आठ टक्के प्रेफर्ड भागल्यानंतरच, आणि प्रत्यक्षात ४.६ टक्के मिळालेल्या माणसांचे प्रेफर्ड थकले ते थकलेच. म्हणजे विक्रीतून त्यांना शून्य. दादा लबाड असण्याची गरज नव्हती. करार त्यांना ‘विकू नका’ म्हणण्याचा पगार देत होता.

पुरवणी करार तीन बैठका आणि दोन भांडणांनंतर झाला. भागीदार गेल्यास वारसाला निवड: भागीदार व्हायचं किंवा बाहेर पडायचं. बाहेर पडताना नोंदणीकृत मूल्यांककाच्या किमतीवर दहा टक्के वजा, पैसे १८ महिन्यांत तीन हप्त्यांत. यात एक गाठ आहे, ती वकिलांना पटवावी लागली. भागीदाराला पुस्तकी भांडवलापेक्षा जास्त देऊन बाहेर काढलं की वाढीव रकमेवर एलएलपीला भांडवली नफा कर लागू शकतो, म्हणून तो कर बाहेर जाणाऱ्याच्या रकमेतून वळता होईल असं लिहून घेतलं. डिपॉझिट वेगळ्या एफडीत, कर्जाला तारण ठेवता येणार नाही. बँकेत दोन सह्या, त्यातली एक डॉक्टरांची. दुप्पट मोजणीचं कलम गेलं. जो भरेल त्याला बाकीच्यांकडून १२ टक्के व्याज. विक्रीचा प्रस्ताव भांडवलाच्या पाव हिश्श्याचे धनी मांडू शकतील, आणि ठराव भांडवलाच्या साध्या बहुमताने. दादांची पाच टक्के फी राहिली. त्यावर बाईंनी हरकत घेतली नाही: “काम करतो माणूस, फी घ्यावी. फक्त सांगून घ्यावी.”

बाई स्वतः भागीदार म्हणून आत आल्या, साडेबारा टक्क्यांवर. त्याआधी मुलाने आणि ८८ वर्षांच्या सासूबाईंनी हक्कसोडपत्र केलं. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत पुरुषाची आईही पहिल्या वर्गातली वारस असते, हे या घरात कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. डॉक्टरांचे साडेतीन लाख परत केले. ते व्याज नको म्हणत होते, बाईंनी नऊ टक्क्यांनी काढून पाकिटात घालून दिलं.

विकायचं की नाही यावर मतदान झालं आणि सात विरुद्ध एक, ‘आत्ता नको’ असं ठरलं. नव्या भाडेकरूचं लॉक-इन मार्च २०२८ पर्यंत आहे, तोपर्यंत चालू द्यावं असं बहुतेकांचं म्हणणं. ते एक मत धाकट्या गिरगावकरांचं. त्यांना मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे आहेत आणि त्यांच्या हिश्श्याला बाहेर गिऱ्हाईक नाही. थोरल्या भावाने घ्यायची तयारी दाखवली आहे, भावावरून अजून बोलणी चालू आहेत.

पुरवणी करारात प्रत्येकाने आपल्या वारसाचं नाव, पत्ता आणि चालू ईमेल लेखी कळवायचा आहे. मुदत ३० दिवसांची होती, ती उलटून गेली. नऊ भागीदारांपैकी सात जणांनी कळवलं. राहिलेल्या दोघांत एक दादा आहेत.